अळिंबी तयार होते महिन्यात, पण विकावी लागते दोन दिवसांत

मोबाईलवर शेतीविषयी काही पाहिले की थोड्याच वेळात अळिंबीची जाहिरात समोर येते. दहा बाय दहाची एक खोली, थोडा पेंढा, थोडे बियाणे आणि महिन्याला पन्नास हजारांची कमाई, असा त्या जाहिरातींचा साधारण सूर असतो. दुसरीकडे, याच धंद्यात पैसे घालून वर्षभरात खोलीला कुलूप लावलेली माणसेही अनेक गावांत आढळतात. या दोन चित्रांमुळे सर्वसामान्य शेतकरी गोंधळून जातो. हा धंदा फसवा आहे की आपल्यालाच तो जमला नाही, हे त्याला कळत नाही.

धंदा खरा आहे, याबद्दल शंका नको. राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाच्या २०२१-२२ च्या आकडेवारीत अळिंबी उत्पादनात बिहार देशात पहिल्या क्रमांकावर होता. थंड हवेचे डोंगर नसलेल्या आणि लहान जमीनधारणा असलेल्या राज्याने ही मजल मारली, यातच या पिकाची ताकद दिसते. तरीही ज्यांचे नुकसान होते त्यांच्यापैकी बहुतेकांना अळिंबी उगवता येत नाही असे नसते. त्यांची अळिंबी उगवते, पण विकली जात नाही. म्हणून या लेखात उगवण्याइतकीच, किंबहुना थोडी अधिक, जागा विक्रीला दिली आहे.

अळिंबी म्हणजे नेमके काय?

अळिंबी ही वनस्पती नाही आणि प्राणीही नाही. ती एक बुरशी आहे. तिच्यात हिरवे द्रव्य नसल्यामुळे ती सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करू शकत नाही. मेलेल्या वनस्पतींचे अवशेष, म्हणजे पेंढा, काड, लाकूड, पालापाचोळा कुजवून ती जगते. पेंढ्याच्या आत कापसाच्या धाग्यांसारखे जे पांढरे जाळे पसरते तीच खरी बुरशी, आणि आपण खातो ती छत्री म्हणजे त्या बुरशीचे फळ. हे जाळे पेंढ्यात पूर्ण पसरल्याशिवाय फळ येत नाही, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढची सगळी कामे कशासाठी करायची हे आपोआप कळते.

आपल्याकडे प्रामुख्याने तीन प्रकार लागवडीत आहेत. पांढरी, गोल टोपीची बटण अळिंबी शहरातल्या दुकानांत आणि हॉटेलांत सर्वांत जास्त दिसते. धिंगरी अळिंबी शिंपल्याच्या आकाराची असते आणि झुपक्याने येते. दुधी अळिंबी जाड देठाची, पांढरीशुभ्र आणि उष्णता सोसणारी असते. धिंगरीची लागवड पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत सुरू झाली. भारतात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर ती वाढवून दाखवली. दुधी अळिंबी मात्र मूळची भारतीय आहे. १९७४ मध्ये पश्चिम बंगालमधील नमुन्यांवरून तिची शास्त्रीय नोंद झाली आणि १९९८ मध्ये तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तिचा व्यापारी लागवडीसाठीचा वाण प्रसारित केला.

नवख्या माणसाने धिंगरीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला २० ते ३० अंश तापमान चालते, त्यामुळे महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत वर्षातले सात-आठ महिने वातानुकूलन न करता ती घेता येते. तिचा कच्चा माल आपल्या शिवारातच पडलेला असतो. कोकणात आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात भाताचा पेंढा मिळतो, मराठवाडा आणि पश्चिम विदर्भात सोयाबीनचे कुटार मिळते, इतरत्र गव्हाचे काड मिळते. सोयाबीनच्या कुटारावर धिंगरी विशेष चांगली येते. मळणीनंतर बांधावर पेटवून दिले जाणारे हे कुटार अन्नात बदलता येते, ही गोष्ट मला या धंद्यातली सर्वांत मोलाची वाटते.

दही लावता येते त्याला धिंगरी वाढवता येते

धिंगरीच्या लागवडीतली प्रत्येक पायरी दही लावण्याच्या रीतीशी जुळते. आपण दूध आधी तापवतो, कारण त्यातले नको असलेले जंतू मारायचे असतात. मग ते कोमट होऊ देतो, कारण गरम दुधात विरजण मरते. विरजण चांगल्या दह्याचे घेतो, भांडे स्वच्छ ठेवतो आणि दही लागेपर्यंत ते हलवत नाही. धिंगरीतही नेमके हेच करायचे असते. इथे दुधाच्या जागी पेंढा असतो आणि विरजणाच्या जागी अळिंबीचे बियाणे, ज्याला बाजारात स्पॉन म्हणतात. उकडून निर्जंतुक केलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर बुरशीचे जाळे वाढवून हे बियाणे तयार करतात.

पेंढा ताजा, कोरडा, पिवळसर आणि पावसात न भिजलेला असावा. त्याचे दोन-तीन इंचांचे तुकडे करून ते आठ-दहा तास पाण्यात भिजवतात. नंतर ८० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात, किंवा तितकाच वेळ वाफ देतात. काही ठिकाणी १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मेलिन मिसळून त्यात १६ ते १८ तास पेंढा बुडवून ठेवण्याची पद्धत आहे. ती स्वस्त पडते आणि प्रशिक्षणांत शिकवलीही जाते. तरीसुद्धा घरातल्या खोलीत, घरातल्याच माणसांच्या हातून होणाऱ्या कामासाठी मी गरम पाण्याचीच शिफारस करीन. फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रासदायक असते, आणि 'रसायनाशिवाय वाढवलेली' असे ग्राहकाला खरेपणाने सांगता येणे हाही विक्रीतला एक आधार असतो.

पेंढा निथळून थंड झाला की त्यातला ओलावा तपासायचा. मूठभर पेंढा घट्ट दाबला असता हात ओला व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. हा ओलावा साधारण ६५ टक्के असतो. मग प्लास्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा एक थर आणि त्यावर कडेने बियाणे, असे चार-पाच थर भरून पिशवीचे तोंड बांधतात आणि तिला टाचणीने किंवा खिळ्याने भोके पाडतात. या भरलेल्या पिशवीला बेड म्हणतात. बियाण्याचे प्रमाण ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के ठेवतात. बियाणे पांढरे, एकजीव आणि गोडसर वासाचे असावे. त्यात हिरवा, काळा वा पिवळा ठिपका दिसला तर ती पिशवी बेडच्या खोलीत आणूसुद्धा नये.

पुढचे पंधरा ते वीस दिवस बेड अंधाऱ्या खोलीत ठेवायचे. बेड सर्व बाजूंनी पांढरा दिसू लागला की प्लास्टिक कापून काढायचे किंवा त्याला चिरा द्यायच्या, खोलीत उजेड आणि खेळती हवा द्यायची आणि दिवसातून दोन-तीन वेळा पाण्याची बारीक फवारणी करायची. तीन-चार दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतात आणि आणखी तीन-चार दिवसांत तोडणी होते. पाकळीची कड वर वळण्याच्या आधी झुपका हलका पिरगळून काढायचा. आठ-दहा दिवसांच्या अंतराने असे तीन बहर मिळतात आणि बेड भरल्यापासून तो रिकामा होईपर्यंत ४५ ते ६० दिवस जातात.

खोलीत काय बिघडते?

बहुतेक बिघाड तीन कारणांनी होतात. पहिले कारण म्हणजे हिरवी बुरशी. पेंढा नीट निर्जंतुक झाला नसेल किंवा बियाणे जुने असेल तर ती धिंगरीच्या आधी बेडचा ताबा घेते. असा बेड वाचवत बसू नये, तो लगेच खोलीबाहेर नेऊन लांब पुरावा. दुसरे कारण कोंदट हवा. बुरशीही श्वास घेते आणि बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो. देठ लांब आणि टोपी इवलीशी येऊ लागली की खोलीला हवा कमी पडते आहे असे समजावे. तिसरे कारण म्हणजे बारीक काळ्या माश्या. त्या कुजणाऱ्या पेंढ्यावर अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या बुरशीचे जाळे खातात. खिडक्यांना बारीक जाळी, दाराला दुहेरी पडदा आणि दिव्याजवळ पिवळे चिकट सापळे एवढ्याने त्या बऱ्याच आटोक्यात राहतात.

एक धोका जाहिरातीत कधीच सांगितला जात नाही. धिंगरी पक्व झाली की तिच्यातून असंख्य बीजाणू हवेत उडतात. ते रोज श्वासातून आत गेले तर काही माणसांना खोकला, ताप आणि धाप लागण्याचा त्रास होतो. म्हणून तोडणीच्या वेळी तोंडाला चांगला मास्क हवाच, आणि खोलीत शिरण्याआधी खिडक्या उघडून हवा बदलू द्यावी. बेडची खोली निजण्याच्या खोलीला लागून मुळीच नसावी. हे काम बहुतेक घरांत बायका करतात, त्यामुळे ही काळजी त्यांच्या भरवशावर न सोडता खोली बांधतानाच तिचा विचार झाला पाहिजे.

शंभर-सव्वाशे बेडचा हिशेब

आता 'महिन्याला पन्नास हजार' या आकड्याकडे वळू. बेडच्या उत्पादनाचा अंदाज कोरड्या पेंढ्याच्या वजनावरून करतात. एक किलो कोरडा पेंढा भिजून सुमारे तीन किलोचा बेड होतो, आणि त्यातून तीन बहर मिळून अर्धा ते पाऊण किलो ताजी धिंगरी मिळणे हे नवख्यासाठी वाजवी उत्पादन आहे. अनुभवी हातांना याहून जास्तही मिळते. हिशेबासाठी आपण सहाशे ग्रॅम धरू.

समजा एखाद्याने उत्साहाच्या भरात एकाच दिवशी १२० बेड भरले. त्याला एकूण ७२ किलो माल मिळेल, पण त्यातला साधारण निम्मा पहिल्या बहरातच, म्हणजे तीन-चार दिवसांत, हातात येईल. म्हणजे ३६ किलो. दोनशे ग्रॅमच्या पाकिटांत भरला तर तो १८० पाकिटे होतो. ज्या गावात कालपर्यंत कोणी धिंगरी पाहिलेली नाही, तिथे तीन दिवसांत १८० पाकिटे कोण घेणार? ताजी धिंगरी उन्हाळी दिवसांत दुसऱ्याच दिवशी मलूल पडते आणि फ्रीजमध्येही चार-पाच दिवसांपलीकडे तिची रया राहत नाही. आणि हा माल संपल्यावर पुढचा आठवडाभर हाती काहीच नसते, त्यामुळे जो एखादा दुकानदार जोडला गेला असेल तोही तुटतो.

तेच १२० बेड दर आठवड्याला पंधरा याप्रमाणे भरले, तर दोन महिन्यांनी गाडी रुळावर येते. खोलीत तेवढेच बेड असतात, पण दर आठवड्याला सुमारे नऊ किलो, म्हणजे ४५ पाकिटे माल सातत्याने निघतो. एवढी पाकिटे तालुक्याच्या गावात खपवता येतात. सरासरी २०० रुपये किलो भाव मिळाला असे धरले, तर आठवड्याला १,८०० आणि चार आठवड्यांना ७,२०० रुपये हाती येतील. त्यातून पेंढा, बियाणे, पिशव्या, जळण, पाकिटे, प्रवास आणि रोजच्या दीड-दोन तासांच्या कामाची मजुरी वजा करायची. याच भावाने महिन्याला पन्नास हजारांची नुसती विक्री करायची, तर चार आठवड्यांत अडीचशे किलो माल हवा. त्यासाठी दर आठवड्याला शंभरावर बेड भरावे लागतील आणि खोल्यांत एका वेळी आठशेच्या वर बेड उभे राहतील. भरलेल्या पिशव्यांचे हे वजनच अडीच टन होते. ते दहा बाय दहाच्या एका खोलीत मावणार नाही.

हा आकडा पाहून निराश होण्याचे कारण नाही. शेतीच्या जोडीला, घरच्या पेंढ्यावर, घरच्या जागेत, दर आठवड्याला रोख पैसा देणारा उद्योग म्हणून धिंगरी उत्तम आहे. पूर्ण वेळचा व्यवसाय म्हणून ती उभी राहते ती आठवड्याला साठ किलो माल घेणारे ग्राहक तयार झाल्यावर. ते तयार करायला उगवण्याहून जास्त काळ लागतो.

ग्राहक कुठे शोधायचा?

माझ्या मते पहिला बेड भरण्याआधी किमान दोन आठवडे फक्त चौकशीसाठी द्यावेत. आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरातली हॉटेले, ढाबे, चायनीजच्या गाड्या, चांगली भाजीची दुकाने आणि गृहनिर्माण संस्था यांची यादी करावी. प्रत्येकाला एवढेच विचारावे की ते सध्या अळिंबी घेतात का, कोणती घेतात, कुठून, काय भावाने आणि आठवड्याला किती. बहुतेक हॉटेलवाले बटण अळिंबी घेतात असे दिसेल. ती पांढरी, एकसारखी असते आणि त्यांच्या पाककृती तिच्यावर बसलेल्या असतात. त्यांना धिंगरी घ्यायला लावायचे तर दोन किलो माल नमुन्यादाखल फुकट द्यावा लागतो आणि त्यांच्या स्वयंपाक्याला ती भजी, मसाला किंवा सूपमध्ये करून बघायला सांगावे लागते. हॉटेलांचा दुसरा प्रश्न उधारीचा असतो. नाशवंत मालाची उधारी वसूल करणे फार कठीण जाते, म्हणून पहिल्यापासून आठवड्याचा हिशेब आठवड्याला चुकता करण्याची अट घालावी आणि ती न पाळणाऱ्याला माल थांबवावा.

घरगुती ग्राहक भाव चांगला देतो, पण त्याला पदार्थ माहीत नसतो. कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानातली अळमी लोक आवडीने, चढ्या भावाने विकत घेतात, आणि पूर्व विदर्भात अशाच रानअळिंबीला सात्या म्हणून मागणी असते. ही रानअळिंबी वाळवीच्या वारुळाशी जोडलेली असल्यामुळे शेतात घेता येत नाही, पण तिची चव ओळखणाऱ्या घरांत धिंगरीला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. जिथे अशी परंपरा नाही तिथे प्रत्येक पाकिटासोबत कालवण, भजी किंवा भाजीची चार ओळींची कृती द्यावी. आठवडी बाजारात छोट्या शेगडीवर भाजी करून चाखायला दिली, तर नुसत्या पाटीपेक्षा कितीतरी जास्त विक्री होते.

मालाची हाताळणीही विक्रीचाच भाग आहे. तोडणी पहाटे करावी, तोडण्याआधी काही तास पाणी मारू नये आणि तोडलेली धिंगरी धुऊ नये, कारण ओला माल पाकिटात लवकर काळवंडतो. पाकिटाला बारीक भोके असावीत आणि त्यावर तोडणीची तारीख असावी. काल उरलेला माल आजच्या तारखेने विकण्याचा मोह एकदा जरी झाला, तरी शिळ्या धिंगरीच्या वासाने ग्राहक कायमचा जातो.

उरलेला माल वाळवून ठेवला तर?

हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात विचारला जातो. धिंगरी वाळवणे सोपे आहे. कडक उन्हात दोन-तीन दिवसांत, किंवा ५० अंशांच्या आसपास चालणाऱ्या ड्रायरमध्ये काही तासांत ती कुरकुरीत होते आणि हवाबंद डब्यात काही महिने टिकते. पण ताज्या धिंगरीत सुमारे ९० टक्के पाणी असते, त्यामुळे दहा किलो ताज्या मालाचा वाळून एकच किलो होतो. ताजी दोनशे रुपये किलोने विकली जात असेल, तर वाळवलेलीला दोन हजारांहून जास्त भाव मिळाला तरच वाळवणे फायद्याचे ठरते. तसा घाऊक ग्राहक सहज मिळत नाही. शिवाय धिंगरीचे उत्पादन सर्वांत सहज येते ते पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काळात, तर पावसाळ्यात ऊन नसते. तेव्हा वाळवण्याकडे नुकसान कमी करण्याचा मार्ग म्हणून पाहावे, आणि त्याच्या भरवशावर उत्पादन वाढवू नये. सूपची पूड, पापड, लोणचे असे पदार्थ करणाऱ्या बचत गटाशी आधीच बोलणे झाले असेल, तर मात्र वाळवलेल्या मालाला खरी किंमत येते.

'तुम्ही फक्त उगवा, विकत आम्ही घेतो'

बायबॅक, म्हणजे माल परत विकत घेण्याची हमी, ही या धंद्यातली सर्वांत आकर्षक आणि सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. काही खरेदीदार प्रामाणिक असतात. पण अनेक ठिकाणी एक ठरावीक पद्धत दिसते. शेतकऱ्याकडून नोंदणी आणि प्रशिक्षणाचे पैसे घेतले जातात, बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला बियाणे वा तयार बेड दिले जातात, सुरुवातीच्या काही जणांचा माल ठरलेल्या भावाने उचललाही जातो, आणि नवे शेतकरी येणे थांबले की 'दर्जा बसत नाही' असे सांगून माल नाकारला जातो.

अशी हमी तपासण्याचा मार्ग साधा आहे. त्या खरेदीदाराची कमाई कशातून होते ते बघावे. तो अळिंबी विकून कमावत असेल, तर ती कोणत्या दुकानांत, कोणत्या नावाने विकली जाते हे तो दाखवू शकेल आणि आपण तिथे जाऊन खात्री करू शकू. तो आपल्यालाच बियाणे विकून कमावत असेल, तर आपणच त्याचे ग्राहक आहोत. लेखी करारात भाव, दर्जाचे मोजता येणारे निकष, वाहतुकीचा खर्च, पैसे देण्याची मुदत आणि माल नाकारला तर काय, एवढ्या बाबी असल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नयेत. किलोला लाखाचा भाव सांगितल्या जाणाऱ्या कॉर्डिसेप्स या औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या बुरशीलाही हेच लागू आहे. हिमालयातली रानटी किडाजडी आणि प्रयोगशाळेत बरणीत वाढवलेली कॉर्डिसेप्स या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिलीचा भाव दाखवून दुसरीचे प्रशिक्षण विकले जात असेल, तर तिथून उठून यावे.

विषारी, मांसाहारी आणि 'प्रथिनांचा खजिना'

रानात उगवणाऱ्या काही छत्र्या प्राणघातक असतात आणि त्या ओळखण्याची कोणतीही घरगुती कसोटी भरवशाची नाही. चांदीचे नाणे काळे पडणे, कीड लागलेली असणे यांवर विश्वास ठेवून माणसे दगावली आहेत. लागवडीची अळिंबी मात्र ओळखीच्या जातीच्या बियाण्यापासून येते, म्हणून ती सुरक्षित असते. ती मांसाहारी नाही. तरीही काही घरांत धार्मिक कारणांनी ती वर्ज्य मानतात आणि त्या भावनेचा मान राखून आपला ग्राहक निवडावा.

पोषणाबाबत जाहिरातीतला एक आकडा समजून घ्यायला हवा. अळिंबीत २०-३० टक्के प्रथिने असतात हे वाळवलेल्या अळिंबीबद्दल खरे आहे. ताज्या अळिंबीच्या शंभर ग्रॅममध्ये ती साधारण तीन ग्रॅम असतात. भाजी म्हणून हे प्रमाण चांगलेच आहे आणि चरबीही नगण्य आहे. एवढे खरे सांगूनही माल विकता येतो, त्यामुळे मधुमेह वा कर्करोग बरा होतो असे पाकिटावर लिहिण्याची गरज नाही आणि तसा दावा करणे कायद्यालाही धरून नाही.

मग बटण अळिंबीच का घेऊ नये?

बटण अळिंबीला बाजार तयार आहे, हे खरे. पण ती साध्या पेंढ्यावर येत नाही. गव्हाचे काड, कोंबडीखत, युरिया आणि जिप्सम यांपासून कंपोस्ट करावे लागते. साध्या पद्धतीने त्याला चार आठवडे लागतात, वाफेच्या बंदिस्त खोलीत सुमारे तीन. बियाणे पसरल्यावर कंपोस्टवर केसिंग म्हणजे निर्जंतुक मातीचा थर द्यावा लागतो आणि फळधारणेच्या काळात तापमान १४ ते १८ अंश राखावे लागते. महाराष्ट्रात याचा अर्थ वर्षभर वातानुकूलन, जनित्र आणि मोठे वीजबिल असा होतो. उत्तरेत, विशेषतः हरियाणात, हिवाळ्यात गवताच्या झोपड्यांत वातानुकूलनाशिवाय बटण घेतली जाते आणि त्या हंगामात तिचा भाव उतरतो. वातानुकूलित घरातल्या मालाला अशा स्वस्त मालाशी टक्कर द्यावी लागते. म्हणून ज्याने दोन वर्षे धिंगरी विकून दाखवली आहे, ज्याच्याकडे पक्के खरेदीदार आहेत आणि हप्ते फेडण्याची ऐपत आहे, त्यानेच इकडे वळावे. कर्जाची रक्कम मोठी असते आणि एक बिघडलेली कंपोस्टची खेप कित्येक हप्ते मागे ढकलते.

शिकायचे कुठे आणि कागदपत्रे कोणती?

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. देशाची मुख्य संस्था, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे अळिंबी संशोधन संचालनालय, हिमाचल प्रदेशातील सोलन येथे आहे. याशिवाय जिल्ह्यातले कृषी विज्ञान केंद्र आणि ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था इथेही चौकशी करावी. बियाण्याची मागणी तीन-चार आठवडे आधी नोंदवावी, कारण ते साठवून ठेवण्याची वस्तू नाही.

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात अळिंबी उत्पादन, बियाणे आणि कंपोस्ट निर्मितीसाठी बँक कर्जाशी निगडित अनुदान असते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत वाळवण, पूड वा लोणचे यांसारख्या प्रक्रियेसाठी प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची रचना आहे. या योजनांची मुदत आणि मर्यादा बदलत राहतात, त्यामुळे कर्ज काढण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून चालू वर्षाचे निकष लेखी घ्यावेत. अनुदान प्रकल्प उभा राहिल्यावर मिळते, तोपर्यंतचे व्याज आपल्याच खिशातून जाते, हेही हिशेबात धरावे.

स्वतः पिकवलेली ताजी अळिंबी विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्नसुरक्षा कायदा लागू होत नाही. वाळवून, पूड करून किंवा पदार्थ बनवून विकायचे असेल, तर उलाढालीनुसार नोंदणी वा परवाना घ्यावा लागतो. महावितरणच्या वीजदरांत अळिंबी लागवडीचा समावेश 'कृषी – इतर' या गटात आहे. वेगळी जोडणी घेताना अर्जात तसे स्पष्ट लिहावे, नाहीतर व्यापारी दराने बिल येण्याची शक्यता असते. ताज्या अळिंबीवर जीएसटी नाही. आयकराबाबत जुना वाद होता, कारण अळिंबी जमिनीत न उगवता खोलीतल्या पिशवीत किंवा मांडणीवर उगवते. आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या हैदराबाद येथील विशेष खंडपीठाने २०१८ मध्ये नियंत्रित वातावरणात घेतलेल्या अळिंबीचे उत्पन्न शेतीउत्पन्न मानले. प्रक्रिया केलेल्या पदार्थांचे उत्पन्न मात्र वेगळे पडू शकते, म्हणून ताज्या आणि वाळवलेल्या मालाच्या विक्रीच्या नोंदी पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या वह्यांत ठेवाव्यात.